दुसरा शब्द

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्याने मेहनतीने केलेल्या कामात खोट काढायचा पगार घेणारी बाई. हा स्वभाव ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही, त्यामुळे माझी जाऊ पापड लाटताना मला जवळ बसू देत नाही.

त्या दिवशी मात्र खोट सापडत नव्हती. कोल्हापुरातल्या आमच्या ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर चाचण्यांच्या रांगा सरकत होत्या, सगळ्या हिरव्या. तांबडी एकही नाही. शेजारच्या टेबलावरून इरफान मुजावर ओरडला, "मॅडम, दहा पट! जुन्यापेक्षा दहा पट फास्ट. पेढे कोण आणणार?"

आमच्यात कामाची वाटणी अशी की वेग इरफानने मोजायचा आणि अचूकपणा मी.

"सगळंच बरोबर येतंय, म्हणजे काहीतरी चुकलंय," मी म्हणाले.

"पास झालेल्या पोराला पण नापास करताय होय? धन्य आहे तुमची."

आम्ही तपासत होतो तो होता वाचायंत्राचा दुभाषी. पक्षाघाताने किंवा अपघाताने ज्यांची वाचा जाते, त्यांच्या मेंदूवर, जिथे बोलण्याची जुळवाजुळव होते त्या भागावर, एक पातळ पापुद्रा बसवतात. माणसाने मनात शब्द उच्चारायला घेतला की तिथे बारीक विद्युतलहरी उठतात. पापुद्रा त्या टिपतो आणि कानामागच्या डबीकडे पाठवतो. डबीतला प्रोग्रॅम त्यावरून शब्द ओळखतो आणि गळ्यातल्या छोट्या स्पीकरमधून तो ऐकू येतो, तोही त्या माणसाच्याच जुन्या आवाजात. यासाठी प्रोग्रॅमला त्या एका माणसाकडून महिनोन्महिने शिकावं लागतं, आणि मेंदूही प्रोग्रॅमच्या कलाने घ्यायला शिकतो. एकदा जमलेली ही जोडी मोडता येत नाही.

पंचाईत अशी झाली की डबी बनवणारी परदेशी कंपनी बुडाली. प्रोग्रॅम ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा तिला वाली उरला नाही, आणि जुन्या डब्या एकेक करून बंद पडू लागल्या. नव्या डब्या बनवणं अवघड नव्हतं, पण त्यांची सिस्टिम वेगळी. जुना प्रोग्रॅम तिच्यावर चालेना आणि तो बदलायचा हक्क कोणाकडेच नाही. म्हणून मधे दुभाषी बसवायचा. प्रोग्रॅम सिस्टिमकडे सतत काहीतरी मागत असतो: आत्ता किती वाजले ते सांग, थोडी मेमरी दे, मेंदूकडून नवीन काय आलं ते दे. दुभाषी ही मागणी नव्या सिस्टिमच्या भाषेत करतो आणि उत्तर मात्र जुन्या सिस्टिमच्या थाटात परत देतो. प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्या जुन्याच घरी आहोत.

माझी परीक्षा सोपी असते. पापुद्र्याने पूर्वी टिपलेल्या लहरी साठवून ठेवलेल्या असतात. त्याच लहरी जुन्या डबीला द्यायच्या आणि नव्या डबीला द्यायच्या. दोन्हींतून एकच शब्द आला की पास. यात एक नियम आहे. जुनी सिस्टिम एखादं उत्तर चुकीचं देत असेल, तर दुभाष्यानेही तेच चुकीचं द्यायचं. कारण त्या चुकीवर विसंबून कोणीतरी काहीतरी उभं केलेलं असतं. बाहेरच्यांना हा नियम वेडेपणाचा वाटतो. सासरी नांदलेल्या बाईला लगेच कळतो.

आता रणधीरबद्दल सांगते. रणधीर माझा नवरा. चारचौघांत अहो, घरात तू. सात वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या भागात कुस्तीचं मैदान म्हटलं की माइकवर तोच असायचा. निवेदक. "हप्ता भरला, हप्ता भरला... आणि हा निघाला ढाक!" हप्ता, ढाक ही डावांची नावं. हे तो डाव पडायच्या क्षणी म्हणायचा, नव्हे, किंचित आधीच म्हणायचा, त्यामुळे पैलवान त्याचं ऐकून डाव टाकतोय असं वाटायचं. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. मी त्या आवाजाशी लग्न केलं, पैलवानांशी माझं काय देणंघेणं?

मग एका सकाळी तो दाढी करताना आरशासमोरच खाली बसला. मेंदूत गुठळी. उजवा हात पुढे थोडाफार परत आला, वाचा आली नाही. वाचायंत्र बसवलं त्या दिवशी दवाखान्यात त्याचा आवाज परत ऐकला आणि मी कॅन्टीनमध्ये जाऊन हमसून हमसून रडले. कॅन्टीनवाल्याने न मागता चहा दिला.

आवाज तोच होता, पण उशिरा येत होता. जुन्या सिस्टिमचा कारभार वडापच्या जीपसारखा. गाडी भरल्याशिवाय हलायचं नाही. मेंदूकडून आलेल्या लहरी ती साठवायची, पुरेशा जमल्या की प्रोग्रॅमच्या हवाली करायची. यात सव्वा सेकंद जायचा. घरच्या बोलण्यात सव्वा सेकंद म्हणजे काहीच नाही. मैदानात म्हणजे सगळं संपलं. रणधीरने एकदा प्रयत्न करून पाहिला. तो 'ढाक' म्हणाला तेव्हा पैलवान उठून अंगावरची माती झटकत होता. लोक हसले नाहीत. गप्प झाले, आणि तेच त्याला लागलं. तेव्हापासून जत्रांच्या दिवसांत लांबून हलगी ऐकू आली की तो खिडकी लावून घ्यायचा.

डबीवर एक हिरवा ठिपका असतो. शब्द सुरू झाल्याचं प्रोग्रॅमला कळलं की तो लागतो, मग शब्द येतो, मग तो विझतो. कधी कधी मात्र शब्द न येताच विझतो. म्हणजे माणसाने बोलायला घेतलं आणि आवरलं. मी रोज संध्याकाळी दार उघडून आत आले की रणधीर वर बघायचा, ठिपका लागायचा आणि विझायचा. मग परत लागायचा आणि ऐकू यायचं, "दमलीस का?"

तो पहिला शब्द कुठला, हे मला कधीच कळलं नाही. दोन-तीनदा विचारलं. "काही नाही," म्हणाला. मला तो शब्द हवा होता. त्याच्या तोंडचे सगळेच शब्द मी एकदा गमावून बसले होते, त्यामुळे आता एकही सोडायची माझी तयारी नव्हती. बाजारात, ऑफिसात, पोळ्या लाटताना मी त्या शब्दाचा विचार करायची, आणि माणूस समोर असताना त्याची इतकी आस लागते याची मला लाजही वाटायची.

नव्या डब्या लावून बघायला माणसं हवी होती. रणधीरने नाव दिलं. ऑफिसची परवानगी काढली, दवाखान्यात डॉक्टरांनी डबी बसवली, आणि "ऐकू येतंय का?" असं माझं विचारून व्हायच्या आत त्याचा आवाज आला, "आलं की!"

मी दचकले. तोही दचकला. मग तो हसायला लागला.

घरी आल्यावर त्याने एक जुनं मैदान लावलं, आवाज बंद करून. आणि बोलायला लागला. "लाल जांघ्या उजवा पाय आत घालतोय, बघा, बघा, निळ्याला कळलंय, निळा सावध, आणि घिस्सा! घिस्सा! अरे निघाला कसा, वाघ आहे वाघ!" डाव आणि शब्द एकाच वेळी. नव्या सिस्टिमला गाडी भरायची वाट बघायची नव्हती, आली लहर की दिली पुढे. मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन उभी होते. पोळी करपली. माझ्या हातून पोळी करपली आणि मला त्याचं काही वाटलं नाही, एवढ्यावरून ओळखा.

चार दिवस मी रजा घेऊन घरीच होते. तेवढ्यात बातमी त्याच्या गावी पोचली आणि सर्जेराव तात्या स्वतः आले. तात्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष. जुने पैलवान, कान मोडलेले, मांडीवर हात ठेवून बसले की कोच लहान दिसतो.

"रविवारी मैदान हाय," तात्या म्हणाले. "माईक तुझ्या हातात. दुसरं काय ऐकायचं न्हाई."

"येतो," रणधीर म्हणाला. इतक्या पटकन, की तात्यांचे डोळे भरले.

मी चहा आणला. तात्या रंगात आले. "आरं, आपल्या मातीनं काय काय बघितलंय. मी त्या पंजाबच्या मल्लाला आस्मान दाखवलं, तवा तुझा बा मला खांद्यावर घिऊन नाचला व्हता. तसली कुस्ती पुन्यांदा झाली न्हाई."

"नुरा होती ती," रणधीरच्या गळ्यातून आवाज आला.

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, लुटुपुटीची कुस्ती. पैलवानाला यापेक्षा मोठी शिवी नाही. ही गोष्ट सगळ्या गावाला वर्षानुवर्षं ठाऊक होती आणि तात्यांच्या तोंडावर आजवर कोणी काढली नव्हती. तात्यांनी कप खाली ठेवला.

"तात्या, माफ करा," रणधीर म्हणाला. "मला म्हणायचं नव्हतं."

"म्हनायचं न्हवतं, तर म्हटलं कुनी?"

"अहो तात्या, यंत्र नवीन आहे, अजून चाचणी चाललीय," मी मधे पडले. "यांच्या मनात तसं काही नाही."

"मनात हाय म्हनून तर आलं सूनबाई." तात्या उठले. चपला घालताना वळून रणधीरला म्हणाले, "खरं बोललास बाबा. पर खरं बोलायचं का न्हाई, ह्ये ठरवायला देवानं जीभ दाताच्या मागं ठिवलीया. रविवारी ये. बोलावलं म्हंजी बोलावलं."

 ते गेल्यावर रणधीर एकच म्हणाला, "मी थांबवलं होतं. थांबलं नाही."

आणि दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली, तेव्हापासून नवीनच सुरू झालं. मी संध्याकाळी घरी यावं, तर त्याच्या कानामागे डबी नसायची. चार्जिंगला लावलेली. तो हाताने खुणा करायचा, चहा ठेव, बस. अर्ध्या तासाने डबी लावायचा आणि मग बोलायचा. नव्या डबीची बॅटरी दोन दिवस टिकते. ती चाचणी मीच केली होती.

'म्हटलं कुनी?' हा तात्यांचा प्रश्न घेऊन मी ऑफिसात गेले. चाचणीतल्या रुग्णांच्या तक्रारी काढल्या. अकोल्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, यंत्र मी न बोललेलं बोलतं. एका निवृत्त शिक्षकांनी डबी लावायचीच बंद केली होती, कारण विचारलं तर सांगत नव्हते. आमच्या लोकांनी प्रत्येक वेळी लहरी तपासल्या होत्या आणि शेरा मारला होता: मेंदूत हाच शब्द होता, यंत्र बरोबर.

मग माझ्या हिरव्या रांगा एवढ्या हिरव्या कशा? ते शोधायला दुपार गेली. आमच्याकडे पद्धत अशी की चाचणीसाठी लहरी निवडताना ज्यांतून जुन्या डबीने शब्द काढलेला नाही, त्या बाजूला टाकायच्या. शब्दच नाही तर जुळवून बघणार काय? त्याला आम्ही 'कचरा' म्हणतो. टेस्टरची जातच अशी, आलेलं उत्तर तपासेल, न आलेलं तपासायचं तिला सुचत नाही. या कचऱ्यात माणसांनी गिळलेला शब्द न् शब्द होता.

मी तो कचरा चाचणीत घातला. पडद्यावर तांबडं पसरत गेलं. जुनी डबी: शांत. नवी डबी: शब्द. खाली परत तेच.

"या अल्ला," इरफान माझ्यामागे येऊन उभा राहिला. "हे काय झालं?"

मी त्याला समजावलं, आणि समजावताना मलाही नीट कळलं. तुम्हा-आम्हाला बोलायचं तर श्वास घ्यावा लागतो, जीभ हलवावी लागते. तेवढ्यात माणूस शहाणा होतो, आलेला शब्द परत फिरवतो. यंत्राला श्वासही नाही आणि जीभही नाही. ज्यांच्या गळ्यात यंत्र, त्यांना ही सवड जुन्या सिस्टिमच्या आळशीपणाने दिली होती. गाडी भरेपर्यंत शब्द आवरल्याची लहरही तिच्यात येऊन बसायची आणि प्रोग्रॅम गप्प राहायचा. त्यांचे मेंदू तिच्यावर विसंबले. सात-सात वर्षं सव्वा सेकंद हाताशी असल्यावर शब्द आवरायची घाई कोण करील? तो आळस ही सिस्टिमची खोड होती आणि आम्ही ती दुभाष्यात उतरवली नव्हती. वेगाच्या नादात पुसून टाकली होती.

"मग बटण देऊया," इरफान म्हणाला. "पाहिजे तेव्हा फास्ट, पाहिजे तेव्हा स्लो."

"डॉक्टरांनी करून बघितलंय. दोन चाली एकदम शिकायला लागल्या की मेंदू गोंधळतो. लोक अडखळायला लागले."

"थोडं स्लो?"

"सवय सव्वा सेकंदाची आहे. वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी करून जमेलही. आज नाही."

इरफान खुर्चीत बसला. वेग वाढवायला त्याने दीड वर्ष घातलं होतं. तरीही तो आधी म्हणाला ते हे, "मॅडम, आणि साहेबांचं मैदान?"

 मंगळवारी दुभाष्याला पास-नापास करायचं होतं, सही माझी. पास केलं तर रणधीरचं मैदान त्याच्याजवळ राहणार होतं आणि हजारो घरांत गिळलेले शब्द बाहेर सांडणार होते. नापास केलं तर सव्वा सेकंद परत येणार होता, सगळ्यांना, रणधीरलाही.

इरफान घरी गेला. मी पडद्यासमोर बसून राहिले. चाचणीत मी शब्द झाकून ठेवले होते, नुसतं 'शब्द आला' एवढंच दिसत होतं. लोकांचं खाजगी आपण का वाचायचं? पण त्या तांबड्या रांगांत रणधीरच्याही होत्या. जुन्या डबीच्या काळात साठवलेल्या, तारीख-वेळेसकट. रोज संध्याकाळची माझी घरी यायची वेळ. एक खूण काढली की शब्द उघडा पडणार. माझा हात कीबोर्डवर होता. मला तो शब्द हवा होता, भीक मागून मिळाला असता तर मी मागितली असती. पण त्याने जो मला दिला नाही तो त्याच्या डोक्यातून चोरून घ्यायचा, म्हणजे मग मी बायको कसली? मी संगणक बंद केला आणि घरी गेले. डबी चार्जिंगला होती.

रविवारपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही. एक मैदान तरी त्याच्या पदरात पडू दे, एवढंच मनात होतं.

मैदान दुपारी भरलं. मातीत ताक, तेल, हळद मिसळलेली, हलगी घुमत होती, आणि माणसं झाडांवर चढून बसली होती. रणधीरच्या गळ्यातल्या स्पीकरसमोर माइक लावला. पहिली जोड भिडली आणि तो आवाज गावावर पसरला. लोकांनी आधी नुसतं वळून बघितलं. म्हातारी माणसं एकमेकांना कोपराने डिवचायला लागली. "रणधीर! आरं, रणधीर हाय!" पहिला ढाक पडायला आणि त्याचा 'ढाक!' यायला एकच गाठ पडली, आणि शिट्ट्या, फेटे, टोप्या सगळं वर उडालं.

मधेच आमदार आले. त्यांना बघताच माइकवर ऐकू आलं, "आता भाषण होणार, कुस्त्यांचा खोळंबा." मैदान हसून लोळलं. आमदारही हसले, दुसरं करणार काय? त्यांनी खरंच भाषण केलं नाही. मी तात्यांकडे बघितलं. ते मोडक्या कानावर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होते.

शेवटची कुस्ती संपली तेव्हा रणधीरला खांद्यावर घेतलं होतं. सात वर्षांत त्याचा तसा चेहरा मी बघितला नव्हता. हे मी त्याच्याकडून काढून घेणार होते.

गर्दी पांगल्यावर आम्ही गाडीपाशी आलो. गाडी शेताच्या कडेला, चिंचेखाली लावलेली. ऊन अजून होतं. त्याच्या फेट्यावर, भुवयांवर तांबडी माती. मी दार उघडलं नाही. तिथेच उभी राहून त्याला सगळं सांगितलं, कचरा, तांबड्या रांगा, मंगळवारची सही.

"पास कर," तो म्हणाला.

माझं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

"नको," तो म्हणाला.

 दोन्ही शब्द त्याच्याच आवाजात, एकामागून एक, आणि दोन्ही खरे. माझ्या सगळ्या नोकरीत मला एका प्रश्नाची दोन खरी उत्तरं आलेली नव्हती.

"कुठलं धरू?" मी विचारलं.

"दुसरं." त्याने मैदानाकडे एकदा बघितलं. तिथे पोरं मातीत लोळत होती. "पहिलं तर कोणाच्याही मनात येतं, तृप्ती. ती अकोल्याची बाई, तिच्या घरी काय झालं असेल? तात्यांना मी काय बोललो बघ. दुसरं धर."

मी दुसरंच धरलं. दुभाष्याला नापास केलं, सव्वा सेकंद परत घालायला लावला. इरफानने आपल्या हाताने ते काम केलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. रणधीर त्यानंतर मैदानात निवेदनाला उभा राहिलेला नाही. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी अजून त्याच्या कानामागे ती वेगवान डबी होती, आणि ती दोन दिवसांत जाणार हे आम्हा दोघांना कळलं होतं.

"रणधीर," मी म्हणाले, "मी रोज संध्याकाळी आत येते, तेव्हा..."

त्याचा हात डबी काढायला कानाकडे गेला.

"मला ऐकायचंय," मी म्हणाले. "तुझ्या नोंदी माझ्यासमोर होत्या. मी उघडल्या नाहीत. चोरून नको, तू दे. नसेल द्यायचं तर काढ डबी, मी परत कधी विचारणार नाही."

हात तिथेच थांबला. मग तो हळूच खाली आला. त्याने माझ्याकडे बघितलं, घरी बघतो तसं.

"जा," तो म्हणाला.

 ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं झुरले तो हा होता.

"जा तू, तुझं वय काय, किती दिवस माझ्या पायाशी बांधून घेशील, तुला कोणीतरी धड माणूस... जाऊ नकोस." त्याचे ओठ मिटलेलेच होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज गळ्यातून धावत होता. "जा. जाऊ नकोस. रोज वाटतं आज येणार नाहीस. आणि येतेस. जा ना. नको, जाऊ नकोस."

मग यंत्र थांबलं. मनात होतं तेवढं सगळं बाहेर आलं असावं.

कुठलं धरायचं, ते या वेळी मला विचारावं लागलं नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि आता बोलायची पाळी माझी होती. मला श्वास आहे, जीभ आहे. मी लगेच बोलले नाही. या सात वर्षांत बसस्टँडवर पुण्याची गाडी लागलेली बघून मी कितीदा नुसतीच उभी राहिले होते, ते त्याला कधी सांगितलेलं नव्हतं. माझ्याही तोंडात आधी वेगळाच शब्द आला. तो मी गिळला.

"नाही जात," मी म्हणाले.

मला वेळ लागला, हे त्याने बघितलं होतं. पहिला शब्द कुठला होता, ते त्याने विचारलं नाही.